आई-बाबांसोबत अल्माटी: डोंगराचा दिवस तारखेत अडकवू नका

तुम्ही विचारलंय की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन पाच दिवस कझाकस्तानातल्या अल्माटीला जायचंय, दोघं पासष्टीच्या पुढचे, पक्के शाकाहारी, आईंचे गुडघे दुखतात, तर एजंटने दिलेला प्लॅन बरा आहे का. प्लॅन नीट वाचला. हॉटेल चांगल्या भागात आहे, पण दोन गोष्टी आत्ताच बदलून घ्या. एक म्हणजे शिम्बुलाकला, म्हणजे शहरावरच्या डोंगरातल्या स्की रिसॉर्टला, दुसऱ्याच दिवशी जायचं असं पक्कं करून टाकलंय ते, आणि दुसरं म्हणजे चारिन कॅन्यन, कोल्साई आणि काइंडी हे तलाव, सगळं एका दिवसात कोंबलंय ते.

मी दोनदा गेलेय, एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलअखेरीलाच सासूबाईंना घेऊन. जानेवारीत पहिले तीन दिवस मला डोंगर दिसलाच नाही. थंडीत तिथे कोळशाचा धूर शहरावर साचून राहतो, हवा हलतच नाही, रस्त्याच्या टोकाला नुसता करडा पडदा. चौथ्या दिवशी डोंगराच्या वाटेवरच्या मेदेऊहून केबल कारने वर निघालो आणि मध्येच कुठेतरी त्या धुरातून बाहेर आलो, वर लख्ख निळं आकाश, समोर बर्फ, आणि खाली बघितलं तर अख्खं वीस लाखांवर वस्तीचं शहर एका मळकट झाकणाखाली गेलेलं. तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगते, अल्माटीत डोंगर बघून दिवस ठरवायचा, आधी घरी बसून नाही.

एप्रिलमध्ये धुराचा तेवढा त्रास नसतो पण एप्रिल-मे हेच तिथले सगळ्यात जास्त पावसाचे महिने आहेत. त्यामुळे हॉटेलला आत्ताच मेल करून दक्षिणेकडची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. डोंगर पूर्ण दक्षिणेला आहेत, ट्रान्स-इली अलाताऊची रांग, त्यातलं तलगार शिखर तर जवळजवळ ५,००० मीटर उंच. सकाळी उठल्यावर पडदा सरकवायचा, रांग स्वच्छ दिसली की बाकी सगळं बाजूला ठेवून वर जायचं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसतं ते विचारू नका. दुपारनंतर बऱ्याचदा ढग चढतात म्हणून नऊच्या आत निघा. तिकडचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे त्यामुळे आई-बाबांना लवकर जाग येईलच.

आता वर जाण्याचं. हॉटेल कझाकस्तानच्या जवळून १२ नंबरची बस मेदेऊला जाते, पण तुम्ही चौघं-पाच जण असाल तर सरळ यांडेक्स गो या अ‍ॅपवरून टॅक्सी करा. मेदेऊचा स्केटिंग रिंक साधारण १,७०० मीटरवर आहे, तिथून केबल कार शिम्बुलाकला २,२०० च्या थोडं वर नेते, आणि पुढे आणखी दोन टप्पे करून तलगार खिंडीत सुमारे ३,२०० मीटरवर पोचता येतं. शहराचा मध्यभाग ८०० च्या आसपास आहे, म्हणजे नाश्ता करून निघालात तर जेवायच्या आत २,४०० मीटर चढलेले असता. बाबांना बीपीचा त्रास आहे असं लिहिलंय, तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचाराच, आणि माझं मत विचाराल तर आई-बाबांनी शिम्बुलाकलाच थांबावं. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, उन्हात बाकावर, शाल घट्ट लपेटून, हातात चहाचा कागदी ग्लास, समोर तिएन शान पर्वतातली ती उंच सुरूसारखी काळपट हिरवी स्प्रूसची झाडं आणि वर पांढरं. आम्ही तासाभराने वरून परत आलो तर म्हणाल्या, अजून थोडं बसू. वर जाऊन जास्त बघितलं असं मला अजिबात वाटलं नाही.

मेदेऊला धरणावर चढायच्या ८४२ पायऱ्या आहेत, सगळे फोटो काढतात म्हणून आई पण निघतील, त्यांना जाऊ देऊ नका. केबल कारमधून धरण वरून छान दिसतं. ते पाण्यासाठी नाहीये, डोंगरातून चिखल-दगडांचा लोंढा येतो तो अडवायला आहे, १९७३ मध्ये फार मोठा लोंढा त्याने थोपवला म्हणून खालचं शहर वाचलं.

गुडघ्यांसाठी एक युक्ती सांगते. अख्खं शहर उतारावर आहे, दक्षिण म्हणजे वर, उत्तर म्हणजे खाली, तिथले लोक पत्ता सांगताना पण वर-खाली असंच सांगतात. म्हणून वर जाताना टॅक्सी करायची आणि चालायचं ते उताराकडे. हॉटेल कझाकस्तानपासून दोस्तिक रस्त्याने खाली पानफिलोव्ह पार्कपर्यंत मस्त सावलीतली चाल आहे. फक्त फूटपाथच्या कडेला उघड्या नाल्या असतात, त्यांना अरिक म्हणतात, डोंगराकडून येणारं पाणी त्यातून खळखळत जातं, ऐकायला फार गोड पण गाडीतून उतरताना आईंचा हात धरा.

पार्कातलं लाकडी कॅथेड्रल चुकवू नका. १९०७ मध्ये बांधून झालं, पन्नास मीटरहून उंच, आणि १९११ च्या भयानक भूकंपात शहर कोसळलं तरी ते उभं राहिलं. त्याच भूकंपात दरड कोसळून काइंडी तलाव तयार झाला, त्यात बुडालेल्या झाडांचे सुके बुंधे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात.

पण तो काइंडी एका दिवसात नको. चारिन साधारण २०० किलोमीटर, कोल्साई जवळजवळ ३००, म्हणजे जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर. आम्ही पहिल्या वेळी असाच एक पॅकेजवाला घेतला होता, पहाटे निघून मध्यरात्री परत, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, काइंडीला तर अंधारच पडला. त्यात शेवटचा काइंडीचा रस्ता खडबडीत आहे, उंच चाकांच्या जुन्या व्हॅनमधून आदळत जावं लागतं, एप्रिलमध्ये चिखल. तुम्ही फक्त चारिन करा, सकाळी लवकर. खाली नदीपर्यंत दोनेक किलोमीटर चालायचं आहे, जाताना उतार वाटतो पण परत येताना तेवढाच चढ, तेव्हा आई-बाबांनी वरच्या कडेवरूनच बघितलं तरी चालेल. कोल्साईला जवळच्या साती गावात मुक्काम केलात तरच मजा, ते पुढच्या वेळी सप्टेंबरात.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका पण सावध राहा. भाज्यांचं सूप लिहिलेलं असलं तरी रस्सा मटणाचा असू शकतो, त्यामुळे 'बेझ म्यासा' म्हणजे बिनमांसाचं, हे दोन रशियन शब्द पाठ करा. भोपळ्याचा सामसा, म्हणजे भाजलेला समोसाच, मिळतो, तंदूरची गरम रोटी मिळते, आणि जॉर्जियन हॉटेलात हाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, आणि लोबियो मागवा, लोबियो म्हणजे आपल्या राजम्याच्या उसळीच्या जवळचं, फक्त मांस नाही ना ते विचारून घ्या. ग्रीन बाजारात सुकामेवा, मध, कोरियन लोकांचं ते लसूण घातलेलं गाजराचं सॅलड, सगळं चाखायला देतात. तिथेच घोड्याच्या मांसाचा भाग पण आहे, बाबांना सहन होणार नसेल तर फळांच्या बाजूलाच थांबवा.

भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तो प्रश्न मिटला. पण तिकीट काढायच्या आधी एक काम करा, सीझन बदलताना केबल कार देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात, तर शिम्बुलाकच्या साइटवर तुमच्या तारखा बघून घ्या. बंद असेल तर आठवडाभर पुढे ढकला, मे सुरू झाला तरी वरचा बर्फ कुठे जात नाही.