ट्रॉम्बोन उचलण्याआधी गाऊन बघ

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

गणपतीत बँडबरोबर ट्रॉम्बोन वाजवायचाय आणि सूर हलतो, असं लिहिलंस. ट्रॉम्बोनला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. सरकत्या नळीच्या, म्हणजे स्लाइडच्या, सात पोझिशन (पहिलीत स्लाइड पूर्ण आत), शेजारच्या दोन पोझिशनमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर आणि खूण एकही नाही. सूर आधी कानात असेल तरच हात तिथे पोचतो. भजनात बुवांच्या मागे गातोस ना, तोच गळा इथे कामाला लाव.

टेनर ट्रॉम्बोनचा मूळ सूर बी फ्लॅट, म्हणजे पेटीची काळी पाच. तानपुऱ्याचं ॲप त्याच पट्टीत लाव. अभंगाची एक ओळ आकारात गा, तीच नुसत्या माउथपीसवर (ओठ लावायचा सुटा भाग) वाजव, मग ट्रॉम्बोनवर. माउथपीसवर दोनेक मिनिटं पुरे, पुढे ओठ आखडतात. गाताना श्वास जिथे घेतलास, तिथेच वाजवतानाही घे.

गंधार मात्र फसवतो. पहिल्या पोझिशनमधला ग पेटीच्या ग पेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट). खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच, म्हणून तानपुऱ्याशी जुळतो आणि पेटीशी भांडतो. पहिल्या पोझिशनमध्ये सूर चढवायला स्लाइड आणखी आत घ्यायला जागा नसते. पेटी सोबत असेल तर हाच ग चौथ्या पोझिशनमध्ये घे.

मींडही (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं) गळ्यासारखी मोकळी नाही. एका ओढीत फार तर सहा अर्धे स्वर. मंद्र प सहाव्या पोझिशनमध्ये धरून पहिल्यातल्या सा वर ये, सलग जमेल. सा ते ग हवी असेल तर सा पाचव्या पोझिशनमध्ये घे. पहिल्यात घेतलास तर वर जायला वाटच नाही. सा ते वरचा प एका ओढीत होतच नाही. मध्ये कुठे टेकायचं ते आधी गाऊन ठरव.

सलग वाजवायचं म्हणून जीभच लावली नाहीस, तर स्वरांमध्ये घसरगुंडी ऐकू येते. फुंकताना जिभेने हलका ‘द’ म्हण. ‘ट’ ने जीभ मागे वळते आणि स्वर फटकन फुटतो. ‘द’ आणि स्लाइड एकाच क्षणी.

मार्को बोर्दोन्यीने गायकांसाठी लिहिलेले स्वराभ्यास जोआनेस रोशूने 1928 मध्ये ट्रॉम्बोनसाठी उतरवले. मिळाले तर घे, नाहीतर यमनचे पलटे आहेतच.

आणि हो, वाजवून झालं की स्लाइडची आतली नळी कोरड्या फडक्याने पूस. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ती अडखळायला लागते, स्वर उशिरा लागतो आणि दोष उगाच कानाला जातो.