शेवळं आली का मार्केटला?

न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलंय, जूनमध्ये ठाण्याला माहेरी येतोय, मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी आठ, मुलांना निसर्गाची ओढ लागावी म्हणून येऊरला रिसॉर्ट बुक करू की कर्जतला?

ताई, रिसॉर्टचं राहू द्या. एक-दोन पाऊस झाले की सकाळी लवकर मुलांना घेऊन जांभळी नाक्याच्या मार्केटला जा. तिथे गोणपाट टाकून बसलेल्या आदिवासी बायकांकडे शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या या रानभाजीच्या, जुड्या असतात, लांबट, टोकदार, बाहेरून जांभळट-तपकिरी, आणि शेजारी छोट्या हिरव्या फळांचा वाटा, ती काकडं. दोन्ही घ्यायचं, नुसती शेवळं आणायची नाहीत. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात म्हणून घसा खाजतो आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मोडते. ज्या जंगलात शेवळं उगवतात तिथेच काकडाचं झाड असतं आणि फळंही त्याच सुमारास मिळतात, हे मुलांना समोर ठेवून दाखवा, पुस्तकातून सांगू नका.

घरी आल्यावर मुलांनाच बसवा साफ करायला. हाताला तेल लावायचं, वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, मग काकडं उकडून त्यांचा रस घालायचा आणि कोलंबी घालून शिजवायचं. सीकेपी घरांत जूनमध्ये याची वाट बघतात. आमच्याकडे एका वर्षी काकडं मिळाली नाहीत, मी थोडीशी चिंच घालून भागवलं आणि रात्रभर घरातल्या सगळ्यांचे घसे खाजत होते, तेव्हापासून काकडं नसतील तर शेवळं नाहीत.

आणि जुडी एकच घ्या, फार तर दोन. शेवळं म्हणजे त्या झाडाचा फुलोरा, सगळाच खुडला तर बी कुठून पडणार? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परवडतंय म्हणून पाच जुड्या घेऊन फ्रीजमध्ये टाकणं म्हणजे जंगलावर प्रेम नाही हो.

अमेरिकेला परत जाताना बॅगेत रोप, माती, ताजा कढीपत्ता काही घालू नका, आईने कितीही आग्रह केला तरी. कढीपत्त्यावर एक बारीक कीड असते, तिच्यामार्फत संत्र्या-लिंबांच्या झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग होतो. ती कीड फ्लोरिडात 1998 मध्ये सापडली, रोग 2005 मध्ये, आणि तिथल्या संत्र्याच्या बागांचं प्रचंड नुकसान झालं. आणि तिकडच्या रानात शेवळासारखं काही दिसलं तर तोडून खाऊ नका, त्या कुळातल्या झाडांचा भरवसा नाही.

मग तिकडे करायचं काय? तुमच्याच न्यू जर्सीत, पाइन बॅरन्सच्या रानात ब्लूबेरी जंगली उगवायची. एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रान माहीत असलेल्या लोकांना पैसे देऊन मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला सांगितली आणि फ्रेडरिक कोव्हिल या शास्त्रज्ञासोबत त्यातून लागवडीची ब्लूबेरी तयार केली, पहिलं पीक 1916 मध्ये विकलं. म्हणजे शेवळं ओळखणाऱ्या बायका इकडे तसे रान ओळखणारे लोक तिकडेही होते. जुलैत परत गेलात की सीझन चालूच असेल, मुलांना शेतावर नेऊन हाताने तोडू द्या, आणि मग डिसेंबरात लांबून आलेल्या ब्लूबेरीचा डबा घेताना मुलगी स्वतःच विचारेल ही आत्ता कुठून आली.

डिसेंबरात येणाऱ्यांनी ऐरोलीला खाडीवर जा, फ्लेमिंगो असतात, बोट भरती-ओहोटी बघून सुटते म्हणून वेळ आधी विचारून घ्या. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली आहे.

ताई, मार्केटमध्ये भाव मुलाला विचारू द्या, मराठीत, अडखळला तरी चालेल, आणि शेवळं कुठल्या डोंगरावरून आणली तेही त्यालाच विचारू दे. फक्त तिकिटं जूनच्या पहिल्या आठवड्याची काढा, उशीर केलात तर शेवळं संपतील आणि टाकळा-कंटोळीवर यावं लागेल.