नव्या शिक्षिकेला: आधी वाचन बघा

ताई, पहिल्याच वर्षी अख्खी शाळा बदलायला जाऊ नका. धारावीत आल्या आल्या मीही टॅब, प्रकल्प, सगळं एकदम सुरू केलं होतं. चौथीतला एक मुलगा ‘पाऊस’ हा शब्द बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचतो, हे मला दिवाळीनंतर कळलं. अजून सलतं ते.

जूनमध्ये एवढंच करा:

- प्रत्येक मुलाला शेजारी बसवून एक उतारा वाचायला द्या.
- रोज तासभर इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करा. गट दर महिन्याला बदला, नाहीतर ‘ढ’चा शिक्का बसतो.
- घरी भोजपुरी किंवा तमिळ बोलणाऱ्याला आधी त्याच्या भाषेत उत्तर देऊ द्या.

एआय, स्मार्ट बोर्ड पुढच्या वर्षी बघू. पहिल्या आठवड्यात काय दिसलं, ते मात्र नक्की कळवा.