बोस्नियाच्या युद्धावर व्हॅम्पायर कादंबरी लिहिताना युद्ध किती आणावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: युद्ध किती आणावं, आणि निवेदन व्हॅम्पायरच्या तोंडी द्यावं का. निवेदनाचं तुम्हीच ठरवा. युद्धाबद्दल मात्र मला बोलायलाच हवं, कारण याच विषयावरची माझी कथा एका संपादकांनी परत पाठवली होती आणि ते अजून सलतं.

नोकरीमुळे मी तीन वर्षं बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोत राहिलो. घरमालकीणबाईंना जिन्यातले सगळे शेजारी 'तेता' म्हणायचे, म्हणजे मावशी, मीही म्हणायचो. युद्धात शहराला पडलेला १९९२ ते १९९६ चा वेढा त्यांनी त्याच घरात काढला होता. एका संध्याकाळी मी मोडक्यातोडक्या भाषेत त्यांना कथा सांगितली. वीज गेलेलं शहर, काळोखा जिना, त्यातून वर येणारा व्हॅम्पायर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "अंधाराला कोण घाबरत होतं? आम्ही उन्हाला घाबरायचो."

ऊन पडलं की डोंगरावरच्या स्नायपरला चौक लख्ख दिसायचा. म्हणून धुकं धरलं की कॅन घेऊन पाण्याला पळायचं, बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर. मयतावरही तोफा डागल्या जात, म्हणून दफनं काळोखात. खिडक्यांना काचांऐवजी मदतीत आलेलं प्लास्टिक. बागांमधली झाडं तर चुलीत गेलेली. "व्हॅम्पायरला मारायला छातीत खुंटा ठोकायचा म्हणतोस, पण लाकूड आणायचं कुठून?" हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी कथा नव्याने लिहिली. माणसंही उजेड टाळणारी आणि व्हॅम्पायरही, म्हणून दोघांची रोज जिन्यात गाठ पडते. संपादकांचं म्हणणं पडलं की वाचकाला किल्ला लागतो, उमराव लागतो. पाण्याच्या रांगा कापा.

किल्ला आला कुठून? व्हॅम्पायरच्या गाजलेल्या जुन्या हकिकती तर खेड्यातल्या. १७१८ च्या तहात ऑस्ट्रियाने तुर्कांकडून उत्तर सर्बिया घेतला. लढायांनी पिळून निघालेला मुलूख. तिथल्या किसिल्येवो गावच्या पेतार ब्लागोयेविचबद्दल १७२५ मध्ये ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने अहवाल पाठवला. मेल्यावर त्याने गावातल्या लोकांचे गळे दाबले आणि बायकोकडे येऊन आपले जोडे मागितले, असं गावकऱ्यांचं म्हणणं. दुसरा गाजलेला व्हॅम्पायर अर्नोल्ड पाओले, सीमेवर राहणारा, गवताच्या गाडीवरून पडून मेलेला. उमराव नंतरच्या लेखकांनी घडवला. जोडे मागणारा मूळचा. म्हणून माझं स्पष्ट मत: युद्ध कापू नका, किल्ला कापा. कॅन, प्लास्टिक, जिना यांतूनच तुमचा व्हॅम्पायर येऊ द्या.

हेही सांगायला हवं की तोफगोळे रात्रीही पडत, त्यामुळे अंधार म्हणजे सुरक्षित असं सरसकट लिहू नका. आणि कुठल्याही एका जमातीला व्हॅम्पायर करू नका. तिथे शेजाऱ्याला राक्षस ठरवूनच माणसं मारली गेली.

आणखी एक. त्या युद्धात बेपत्ता झालेल्यांपैकी सात हजारांहून जास्त माणसं अजून सापडलेली नाहीत. तेतांचा धाकटा भाऊ त्यांतलाच. माझी कथा ऐकून झाल्यावर भांडी आवरताना त्यांनी विचारलं होतं, "परत आलेला तो माणूस घरच्यांना ओळखतो का?" तोवर माझ्या कथेत तो ओळखत नव्हता. मी हो म्हणालो, आणि त्याच रात्री तो भाग बदलला.