वाचकांचे प्रश्न : प्रा. मधु दंडवते यांच्याविषयी

गेल्या अंकात समाजवादी चळवळीतील खासदारांविषयी लिहिताना प्रा. मधु दंडवते यांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : कोकण रेल्वेचे श्रेय कोणी जॉर्ज फर्नांडिस यांना देतो, कोणी ई. श्रीधरन यांना, तर आमच्या घरातील वडीलधारी माणसे फक्त दंडवते यांचे नाव घेतात. खरे काय? दंडवते स्वतः रेल्वेमंत्री असताना हा मार्ग का झाला नाही?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, मात्र ते अपुरे आहे. कोकणात रेल्वे यावी ही मागणी दंडवते यांच्याही आधीची आहे. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसांनी ती धसास लावण्यासाठी आयुष्यातील कितीतरी वर्षे खर्ची घातली, आणि राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी ती लोकसभेत सातत्याने मांडली. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै अकाली गेले. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या मतदारसंघातून दंडवते निवडून आले, आणि मतदारसंघाबरोबर ही मागणीही त्यांच्याकडे आली.

मार्च १९७७ मध्ये मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा ठाण्याजवळच्या दिवा स्थानकातून निघणारा लोहमार्ग पनवेलमार्गे आपट्यापर्यंत येऊन थांबलेला होता. हा मार्ग आपट्याहून रोह्यापर्यंत नेण्याला त्यांच्या कारकिर्दीत मंजुरी मिळाली. नकाशावर हे अंतर अगदीच किरकोळ दिसते. परंतु पुढे कोकण रेल्वेचा आरंभ जेथून झाला ते ठिकाण रोहाच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मंजुरीचे मोल कळते. जुलै १९७९ मध्ये ते सरकार पडले. सव्वादोन वर्षांच्या कारकिर्दीत सह्याद्रीच्या पायथ्याने, खाड्या आणि दऱ्या ओलांडत मंगळूरपर्यंत जाणारा मार्ग बांधून होणे शक्यच नव्हते, कारण त्याचे संपूर्ण सर्वेक्षणही तोपर्यंत झालेले नव्हते. रोह्याला गाडी पोहोचली ती १९८६ मध्ये, आणि रोहा ते मंगळूर या टप्प्याचा सर्वेक्षण अहवाल हाती आला तो १९८८ मध्ये.

खरी कोंडी पैशांची होती. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडा थोडा निधी घेत हा मार्ग पुरा करायचा म्हटला असता, तर आणखी एक पिढी वाट पाहत राहिली असती. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले, तेव्हा रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आणि अर्थखाते दंडवते यांच्याकडे आले. हा योग कोकणच्या दृष्टीने भाग्याचा ठरला. रेल्वे खात्यापासून वेगळे महामंडळ काढावे, केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या चार राज्यांनी भांडवलात वाटा उचलावा, आणि उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा करावा, अशी रचना ठरली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के. १९ जुलै १९९० रोजी महामंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा श्रीधरन यांच्याकडे आली. तेव्हा असे म्हणता येईल की मार्ग बांधला श्रीधरन आणि त्यांच्या हाताखालील अभियंत्यांनी व कामगारांनी, निर्णयाचा धडाका फर्नांडिस यांचा होता, आणि दंडवते यांनी दोन निरनिराळ्या सरकारांत, दोन निरनिराळ्या खात्यांतून, एकाच कामाला दोनदा हात दिला. माझ्या मते या दुसऱ्या वेळच्या मदतीची नोंद आपल्याकडे फारच कमी घेतली गेली आहे. अर्थमंत्री अनुकूल नसेल, तर रेल्वेमंत्र्याचा उत्साह फायलीतच राहतो.

प्रश्न : दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोमची गादी दंडवते यांनी बसवली असे ऐकले आहे. ही खरी गोष्ट आहे की आख्यायिका?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पूर्णपणे खरी गोष्ट आहे. आपल्या पिढीला ती आख्यायिका वाटावी यातच त्या निर्णयाचे यश आहे, कारण लाकडी फळ्यांवर रात्र काढणे म्हणजे काय, हे आज कोणाला सांगूनही पटत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे त्याला दुसरा वर्ग म्हणायला सुरुवात केली. पाटी बदलली, पण फळ्या त्याच राहिल्या. मुंबईहून हावड्याला जाणारा माणूस दोन रात्री त्या फळ्यांवर काढत असे आणि उतरताना त्याचे अंग आंबलेले असे. दंडवते यांनी शयनयानातील या बर्थवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून घेऊन समता आणण्याचा त्यांचा विचार नव्हता, तर दुसरा वर्ग वर उचलावा अशी त्यांची भूमिका होती. आपल्या समाजवादाचा अर्थ त्यांनी जितका या निर्णयातून सांगितला, तितका कोणत्याही भाषणातून सांगितला असेल असे मला वाटत नाही.

२६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावड्यादरम्यान गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याची ही जलद गाडी वर्गविरहित होती, म्हणजे तिला पहिला वर्गच नव्हता. त्या काळी वेगवान आणि प्रतिष्ठेच्या गाड्या वरच्या वर्गाच्या उतारूंसाठी असतात असा समज रूढ होता, हे लक्षात घ्यावे. गाद्यांची सोय आधी मोठ्या मार्गांवरील गाड्यांना मिळाली आणि नंतरच्या वर्षांत ती देशभर पसरली. सरकार गेले, मंत्री बदलले, पण गाद्या काढून टाकण्याचा विचारही कोणी केला नाही.

याच कारकिर्दीतील आणखी एक निर्णय मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात हजारो कामगारांना नोकरीवरून काढण्यात आले होते. त्यांना परत कामावर घेण्याचे काम दंडवते यांनी मंत्री होताच हाती घेतले. संपात होरपळलेल्या त्या कुटुंबांच्या दृष्टीने फोमपेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा होता.

प्रश्न : अहमदनगरला जन्मलेले आणि मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक कोकणातून पाच वेळा कसे निवडून आले? आणि इतके काम करूनही १९९१ मध्ये मतदारांनी त्यांना का नाकारले?
— एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा. बेचाळीसच्या आंदोलनात ते होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनी खाल्ला, आणि ही सर्व धामधूम चालू असताना सिद्धार्थ महाविद्यालयात वर्षानुवर्षे पदार्थविज्ञान शिकवले. १९७१ मध्ये इंदिरा गांधी यांच्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून अवघे दोन खासदार निवडून आले. त्यांपैकी एक दंडवते होते. त्या वेळी मतदारांनी नाथ पै यांचा वारस निवडला असे म्हणता येईल, परंतु पुढच्या चार विजयांचे श्रेय त्या पुण्याईला देता येणार नाही. १९८४ मध्ये महाराष्ट्रातून काँग्रेसेतर खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, तेव्हाही राजापूरने त्यांनाच पाठवले. चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर जगणाऱ्या त्या मुलखाला देण्यासारखे त्यांच्याकडे साखर कारखाने नव्हते, सहकारी बँकांचे जाळे नव्हते, जातीचे संख्याबळही नव्हते. लोकसभेतील अभ्यासू भाषण आणि स्वच्छ वागणूक एवढ्याच बळावर ते उभे राहत. आकडे आणि नियम तोंडपाठ असलेल्या या शिक्षकाला सभागृहात उत्तर देताना मंत्र्यांना तयारी करून यावे लागे.

१९९१ मध्ये हे बळ पुरले नाही. राजीव गांधी यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात मतदान झाले आणि काँग्रेसच्या बाजूने सहानुभूती होती. जनता दलाची राज्यात पाळेमुळे फारशी नव्हती, तर शिवसेना कोकणात जोमाने वाढत होती, त्यामुळे काँग्रेसविरोधी मते फुटली आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. कोकण रेल्वेचे काम नुकतेच सुरू झाले होते आणि महामंडळाच्या एकाही टप्प्यावर गाडी धावली नव्हती. संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ च्या जानेवारीत. तेव्हा दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, खासदार नव्हते. मतदार कृतघ्न होते असे आपण सुचवता, त्याच्याशी मात्र मी सहमत नाही. कामाचा मोबदला म्हणून मत मागणे हे दंडवते यांच्या स्वभावात बसणारे नव्हते, आणि ज्या मतदारांनी सत्ता नसलेल्या माणसाला वीस वर्षे दिल्लीला पाठवले, त्यांच्यावर असा आरोप करणे अन्यायाचे होईल.

वीस वर्षांच्या या खासदारकीत मंत्रिपद मिळाले ते सव्वातीन वर्षे, तेही दोन तुकड्यांत. अर्थमंत्री म्हणून त्यांनी एकच अर्थसंकल्प मांडला. त्यात शेतकऱ्यांचे दहा हजार रुपयांपर्यंतचे कर्ज माफ करण्याची योजना होती, आणि ज्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने हजारो सोनारांच्या पोटावर पाय आणला होता, तो रद्द करण्याची घोषणाही होती. कर्जमाफीबद्दल त्यांच्यावर झालेली टीका मला निराधार वाटत नाही, कारण परतफेडीची शिस्त तिच्यामुळे सैल झाली. सुवर्ण नियंत्रण उठवल्याबद्दल मात्र सोनार समाजाने त्यांची आठवण ठेवायला हवी.

प्रश्न : प्रमिला दंडवते यांची ओळख केवळ पत्नी म्हणूनच करून दिली जाते. हे योग्य आहे का?
— एक वाचक भगिनी, सावंतवाडी

उत्तर : मुळीच योग्य नाही, आणि गेल्या अंकात या सदराकडूनही तीच चूक झाली. जून १९७५ मध्ये पक्षांतरविरोधी विधेयकावरील समितीच्या बैठकीसाठी दंडवते बंगळूरला गेले असताना आणीबाणी जाहीर झाली आणि त्यांना वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर अटक झाली. पुढे प्रमिलाताईही पकडल्या गेल्या आणि त्यांना येरवड्याला ठेवण्यात आले. एक बंगळूरच्या तुरुंगात आणि दुसरी येरवड्यात, मधे तपासनिसाच्या नजरेखालून जाणारी पत्रे, असा तो काळ होता. महिला दक्षता समितीच्या उभारणीत प्रमिलाताई आघाडीवर होत्या. १९८० मध्ये त्या मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून स्वतःच्या बळावर लोकसभेत गेल्या आणि हुंडाबंदी कायद्यातील पळवाटा बुजवण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. १९८४ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला, त्यामागे महिला संघटनांची जी चळवळ होती तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या संसदीय कामावर स्वतंत्र लेख पुढील अंकात देत आहोत.