गाण्याला 'वारा' का म्हणतात? क्वोफंगमधला फंग

प्रश्न असा आहे की 'शी चिंग' ह्या जुन्या चिनी गीतसंग्रहाच्या पहिल्या भागाचं नाव 'क्वोफंग', त्याचं भाषांतर कुठे 'राज्यांचे वारे' दिसतं तर कुठे सरळ 'लोकगीतं', मग बरोबर कुठलं?

फंग म्हणजे वाराच. फेंगशुईतला फेंग तो हाच, शुई म्हणजे पाणी, आपण उच्चार जरा लांबवलाय एवढंच. संग्रहात एकूण ३०५ गीतं आहेत, त्यातली १६० ह्या भागात, वेगवेगळ्या १५ मुलखांच्या नावाखाली. त्यामुळे 'त्या त्या मुलखाची हवा, तिथल्या चाली' असा अर्थ चटकन लागतो आणि तो चूक पण नाही, पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धाच शब्द हातात येतो.

आपण म्हणतो ना, पोराला शहराचं वारं लागलं, तसलं 'लागणं' ह्या फंगमध्ये आहे. कन्फ्यूशियसचं म्हणणं होतं की राज्यकर्त्याचं शील म्हणजे वारा आणि सामान्य माणसाचं म्हणजे गवत, वारा आला की गवत वाकणारच. पुढे ह्या संग्रहाला जोडलेली जी 'महाप्रस्तावना' आहे ती ह्या वाऱ्याला उलटीकडूनही वाहू देते: वरचे फंगने खालच्यांना वळण लावतात, खालचे फंगनेच वरच्यांना टोचतात, आणि हे टोचणं थेट नको, आडून हवं, म्हणजे बोलणाऱ्यावर दोष येत नाही आणि ऐकणारा सावध होतो. थोडक्यात लेकी बोले सुने लागे. वेई ह्या मुलखाच्या गीतांमध्ये एक आहे ते नुसतं उंदराला बोलतं, अरे मोठ्या उंदरा, माझं धान्य खाऊ नकोस, आणि प्रस्तावनावाले सांगतात की हा उंदीर म्हणजे कर उपटणारा राजा. चिनीत आजही सटायरला 'फंगत्स' म्हणतात, त्यातला फंग ह्याच घरातला, फक्त लिहिताना 'बोलणे'चं चिन्ह बाजूला लागतं.

आणि आडून बोलायचं हे शास्त्र फक्त कागदावर नव्हतं. इ.स.पू. ५४६ मध्ये चंग राज्याच्या राजाने चिन (हा चीन देश नव्हे, तेव्हाचं एक राज्य) राज्याच्या चाओ मंग ह्या बड्या मंत्र्याला मेजवानी दिली, तिथे पाहुणा म्हणाला की तुम्ही सगळ्यांनी एकेक गीत म्हणा म्हणजे मला तुमच्या मनातलं कळेल. (तेव्हाच्या दरबारात ही पद्धतच होती, गीतं पाठ नसतील तर राजदूताला तोंड उघडणं मुश्कील.) त्यात बो यौ नावाच्या सरदाराने ह्या फंगमधलंच लावा पक्ष्यांचं गीत निवडलं, ज्यात 'हा माणूस वाईट आणि ह्यालाच मी माझा धनी मानायचा' अशी ओळ येते, तीही खुद्द आपल्या राजासमोर! पाहुण्याने बिछान्यातल्या गोष्टी उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत असं म्हणून वेळ मारून नेली आणि नंतर खाजगीत सांगितलं की हा मारला जाणार, गीतातून मन कळतं आणि ह्याचं मन धन्याची निंदा करतंय. तीन वर्षांत चंगमधल्या भांडणात बो यौ खरंच मारला गेला.

'लोकगीतं' हा अर्थ मुख्यतः बाराव्या शतकातल्या चू शी ह्या भाष्यकाराचा. तो म्हणाला की फंगमधली बरीच गीतं म्हणजे गल्लीबोळातल्या बायापुरुषांनी एकमेकांसाठी म्हटलेली गाणी. मला हे पटतं, कारण पहिलंच गीत घ्या, नदीतल्या बेटावर पक्षी ओरडतायत आणि एक तरुण मुलीच्या आठवणीने रात्रभर कूस बदलतोय, ह्यात प्रस्तावनेला राणीचं शील दिसतं म्हणजे कमालच आहे. पण ही प्रत्येक ओळीत राजकारण हुंगायची सवय नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १०७९ मध्ये सू शी ह्या कवीला पकडलं ते ह्याच सवयीने, त्याच्या कवितांमध्ये सरकारी सुधारणांना टोमणे आहेत म्हणून, आणि तुरुंगातून सुटका झाली तरी ह्वांगचौला हद्दपारी झालीच. 'बोलणाऱ्यावर दोष नाही' हे वाक्य तेव्हा त्याच्या कामी आलं नाही.

तर भाषांतर करताना भागाचं नाव म्हणून मी 'राज्यांचे वारे'च ठेवीन आणि खाली एक टीप देईन. चू शीच्या वाचनाबद्दल लिहिताय तर 'लोकगीतं' बिनधास्त लिहा. मात्र प्रस्तावनेत फंग क्रियापद म्हणून येतो तिथे वारा अजिबात चालणार नाही, तिथे वरून खाली असेल तर 'वळण लावणं' आणि खालून वर असेल तर 'आडून टोचणं' असं वेगवेगळं करावं लागतं.