पित्त, आम्लपित्त आणि घशाशी येणे

प्रश्न असा आहे: डॉक्टरांनी निदान म्हणून ‘क्रॉनिक ॲसिड रिफ्लक्स’ (जठरातले आम्ल दीर्घकाळ अन्ननलिकेत वर येत राहणे) असे लिहिले असताना घरात त्याला ‘जुने पित्त’ म्हणणे बरोबर आहे का, आणि नसेल तर त्यासाठी नेमका मराठी शब्द कोणता?

घरगुती बोलण्यात ‘पित्त’ म्हटल्याने काही बिघडत नाही, परंतु त्या शब्दावरून हा विकार नेमका काय आहे ते कळत नाही. कळण्यासाठी मराठीत नाम शोधण्यापेक्षा क्रियापद शोधावे, आणि ते ‘घशाशी येणे’ हे आहे, असे माझे मत आहे.

अडचण ‘पित्त’ या शब्दाच्या पसरट अर्थामुळे येते. शरीररचनेच्या पुस्तकात पित्त किंवा पित्तरस म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि लहान आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करणारा हिरवट पिवळा द्रव. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष आहे आणि त्याची व्याप्ती पचनापासून दृष्टीपर्यंत जाते. व्यवहारात मात्र आंबट ढेकर आली तरी पित्त, डोके ठणकून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या तरी पित्तच. रागाने ‘पित्त खवळते’ ते निराळेच. यांपैकी कोणत्याही प्रसंगी यकृतातला पित्तरस बोलणाऱ्याच्या मनात नसतो. छातीत जळजळ करणारा मुख्य पदार्थ म्हणजे जठररसातले हायड्रोक्लोरिक आम्ल. त्या रसाचा सामू (pH) साधारण 1.5 ते 3.5 असतो, तर पित्तरस उदासीन ते किंचित अल्कधर्मी असतो. शालेय विज्ञानाच्या परिभाषेत पाहिले तर ‘आम्लपित्त’ हा समास जवळजवळ वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडून काढणारा, ठरतो.

म्हणून तो शब्द चुकीचा मात्र ठरत नाही, कारण तो त्या परिभाषेतला नाहीच. सुश्रुतसंहितेत पित्ताचा मूळ रस कटू सांगितला आहे आणि ते विदग्ध झाले, म्हणजे अर्धवट पचून बिघडले, की अम्ल होते असे म्हटले आहे. (येथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. संस्कृतातला कटू रस म्हणजे तिखट. आपण ज्याला कडू म्हणतो तो संस्कृतातला तिक्त. ‘कडू’ हा शब्द ‘कटु’वरून आला असला तरी वाटेत त्याची चव बदलली आहे.) माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू व आंबट ढेकरा, जडपणा, अरुची आणि ‘हृत्कंठदाह’, म्हणजे छातीत व घशात होणारा दाह, ही लक्षणे एकत्र दिली आहेत. आज रिफ्लक्सचा रुग्ण जी तक्रार सांगतो तिचा मोठा भाग त्यात आलेला आहे. तरीही आम्लपित्त आणि रिफ्लक्स यांत बरोबरीचे चिन्ह घालता येत नाही, कारण आम्लपित्ताची व्याख्या लक्षणसमूहावरून केलेली आहे, तर रिफ्लक्स या नावात एक विशिष्ट हालचाल सांगितलेली आहे. शुद्धलेखनाविषयी इतकेच की संस्कृतात ‘अम्ल’ आणि मराठीत ‘आम्ल’ रूढ आहे, त्यामुळे मराठी लेखनात ‘आम्लपित्त’ लिहिणे योग्य होय.

ती हालचाल अशी. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास खाली जाताना ते सैल होते आणि एरवी आवळलेले राहते. ते भलत्या वेळी सैल पडू लागले, मुळातच ढिले झाले किंवा जठराचा वरचा भाग मध्यपटलातून छातीकडे सरकला, तर जठरातले पदार्थ उलट्या दिशेने वर येतात. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून संरक्षण असते, तसे अन्ननलिकेला नसते, म्हणून ती होरपळते. पुष्कळ रुग्णांमध्ये आम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नसते, ते केवळ नको त्या जागी पोचलेले असते. ‘पित्त वाढले’ किंवा ‘ॲसिडिटी वाढली’ या प्रयोगांतले ‘वाढणे’ नेमके येथे दिशाभूल करते. ते प्रमाणाबद्दल बोलते, विकार मात्र दिशेचा असतो. ‘ॲसिडिटी’ हा तर मुळात गुणवाचक शब्द, आम्लता एवढ्याच अर्थाचा. त्याला आपण रोगाचे नाव करून टाकले आहे.

संस्कृत धातूंवरून ‘आम्लप्रतिवहन’ किंवा ‘आम्लप्रत्यागमन’ असे शब्द घडवता येतील आणि पाठ्यपुस्तकात ते चालतीलही, पण असा शब्द रुग्णाच्या तोंडी बसेल असे मला वाटत नाही. उलट ‘जेवण झाल्यावर वाकले की घशाशी आंबट येते’ या साध्या वाक्यात वेळ, शरीराची स्थिती, दिशा, जागा आणि चव एवढे सगळे आले आहे. त्यातल्या ‘घशाशी’ या रूपातला ‘-शी’ प्रत्ययही मार्मिक आहे. पदार्थ घशात भरला असे तो सांगत नाही, घशापर्यंत येऊन टेकला असे सांगतो, आणि उलटी व रिफ्लक्स यांत फरक आहे तो हाच. उलटीत पोटाचे स्नायू जोर करतात, उमासे येतात. येथे काहीही जोर न करता पाणी वर येते. आंबट ऐवजी कडू येत असेल तर तसे आवर्जून सांगावे, कारण कधीकधी लहान आतड्यातला खराखुरा पित्तरसही जठरातून वर चढतो. तेवढ्यापुरते ‘पित्त वर आले’ हे वाक्य शब्दशः खरे असते.

शब्दांचा हा काटेकोरपणा उपचारातही उपयोगी पडतो. ‘पित्ताची गोळी’ या एका नावाखाली निदान तीन निरनिराळी औषधे येतात. तयार झालेल्या आम्लाला उदासीन करणारी चघळण्याची गोळी किंवा पातळ औषध थोड्याच वेळात आराम देते, पण तो आराम फार टिकत नाही. फॅमोटिडीनसारखी औषधे जठराला मिळणारा हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाचा संदेश अडवतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल अशी ‘-प्राझोल’ने संपणारी औषधे आम्ल बाहेर टाकणारी पेशीतली यंत्रणाच बंद करतात आणि ती यंत्रणा जेवणाने जागी होत असल्यामुळे ही औषधे सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असतात. यांतले पहिले ओमेप्राझोल 1988 मध्ये वापरात आले. अंगावर पित्त उठल्यावर मिळणारी गोळी हिस्टामिनलाच अडवते, मात्र दुसऱ्या ठिकाणी. तिने जठरातले आम्ल कमी होत नाही. म्हणून ‘पित्ताची गोळी घेतली, गुण आला नाही’ या तक्रारीवरून औषध निकामी ठरले, की चुकीच्या वेळी घेतले गेले, की भलतेच घेतले गेले, यांपैकी काहीच ठरवता येत नाही.

याहून महत्त्वाचा भेद ‘जळजळणे’ आणि ‘घशाशी येणे’ यांत आहे. आम्ल कमी करणाऱ्या औषधाने वर येणाऱ्या द्रवाची धार बोथट होते, त्यामुळे जळजळ थांबते. अन्ननलिकेच्या टोकाची स्नायूंची झडप मात्र होती तशीच ढिली राहते आणि द्रव वर येतच राहतो, फक्त तो जाळत नाही. ‘जळजळ गेली, पण घशाशी येणे चालूच आहे’ असे सांगणारा रुग्ण डॉक्टरांना पुढची दिशा दाखवत असतो. पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे, जेवण आणि झोप यांत सुमारे 3 तासांचे अंतर ठेवणे, वजन जास्त असल्यास ते उतरवणे हे उपाय वर येण्यावरच काम करतात. ते पुरेसे पडले नाहीत तर दुर्बिणीने तपासणी करतात किंवा अन्ननलिकेतला सामू दिवसभर मोजतात, आणि निवडक रुग्णांवर जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया केली जाते. रुडॉल्फ निसेन यांनी 1950च्या दशकात ती प्रचारात आणली आणि आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

काही तक्रारी ‘पित्त’ या शब्दाखाली झाकल्या जाऊ नयेत. ‘घास अडकतो’, ‘गिळताना दुखते’, ‘वजन आपोआप उतरते आहे’, ‘उलटीत रक्त दिसले’, ‘शौचाला काळे होते’ ही वाक्ये पित्त हा शब्द न वापरता, जशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवावीत. छातीत जळजळणे आणि छाती आवळणे, दडपण येणे, दुखणे हात किंवा जबड्याकडे सरकणे, घाम फुटणे हे प्रकार मराठीत स्पष्टपणे वेगळे बोलले जातात, तरीही दुसऱ्या प्रकाराला ‘पित्तच असेल’ म्हणण्याची आपली सवय घातक ठरू शकते, कारण तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

राहिला ‘जुने’ हा शब्द. ‘क्रॉनिक’साठी बोलीत ‘जुनाट’ आणि लेखनात ‘दीर्घकालीन’ रूढ आहे. ‘जुने पित्त’ या प्रयोगात पूर्वी होऊन गेलेले असाही भास होतो, म्हणून मी तो टाळतो. ‘जुनाट’ला दुर्लक्षाचा वास येतो, ‘दीर्घकालीन’ तटस्थ आहे आणि लेखनात तोच मला पसंत आहे. या विकाराबाबत ‘बरा झाला’ हे क्रियापद मात्र बेताने वापरावे. औषधाच्या काही आठवड्यांत अन्ननलिकेची इजा भरून येते, हे खरे. परंतु औषध थांबवल्यावर अनेकांना त्रास पुन्हा सुरू होतो, आणि पुष्कळ दिवस चाललेली ‘-प्राझोल’ गोळी एकदम सोडली तर आम्ल काही काळ नेहमीपेक्षा जास्तही तयार होऊ शकते, म्हणून ती कमी करणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. अशा स्थितीला मराठीत ‘उतार पडला आहे’, ‘आटोक्यात आहे’ असे अचूक प्रयोग आहेत. विचारणाऱ्यांनी घरी सांगताना ‘दीर्घकाळ घशाशी येण्याचा त्रास आहे, सध्या औषधाने आटोक्यात आहे’ असे म्हणावे. डॉक्टरांच्या कागदावरचे निदान त्यात पूर्ण उतरते.